सुकंदक की मुखदूषक? : कांद्याच्या आरोग्यगुणांचा आणि निषेधाचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहताना मनात संकोच आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला एक सवय लावली होती. नवा शब्द भेटला की तो कोठून आला, वाटेत कोणाकोणाच्या घरी मुक्कामाला राहिला आणि आपल्यापर्यंत पोहोचेतो त्याचे काय झाले, हे विचारल्याशिवाय त्याला सोडावयाचे नाही. आजचा विषय त्या सवयीतूनच निघाला आहे. निमंत्रणपत्रिका हाती पडताच माझ्या एका वर्गमित्राने दूरध्वनीवरून विचारले, "अरे, चाळीस वर्षे संतसाहित्य शिकवलेस आणि आता कांदा?" त्याला मी म्हटले, "ज्या सावता माळ्याचे अभंग शिकवले, त्याच्या मळ्यात कांदाच होता."

कांदा आरोग्याला हितकर आहे काय, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो. मी वैद्य नाही, डॉक्टर आहे तो केवळ प्रबंधापुरता. परंतु या प्रश्नाला इतिहासही आहे. आपल्या देशात कांद्याचे गुण फार पूर्वी ज्ञात होते, ग्रंथबद्ध होते आणि तरीही ज्ञानी म्हणविणाऱ्या वर्गाच्या ताटात तो शतकानुशतके वर्ज्य होता. असे का झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

१. माजघरातील एक प्रसंग

प्रथम एक घरगुती आठवण सांगतो. १९५८-५९ च्या सुमाराची गोष्ट असावी. इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात माझ्या वडिलांच्या आत्या राहत असत. आम्ही मुले त्यांना आत्याआजी म्हणत असू. बाराव्या वर्षी लग्न आणि सोळाव्या वर्षी वैधव्य, एवढ्यात त्यांचे आयुष्य आटोपले होते. उरलेली पन्नास वर्षे त्यांनी सोवळ्यात आणि एकभुक्त राहून काढली. त्यांची शेगडी वेगळी, भांडी वेगळी. कांदा-लसूण तर त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आतही येत नसे.

आत्याआजींना रक्तस्रावी मूळव्याधीचा जुना विकार होता. त्या काळी घरात अशा गोष्टी उघड बोलल्या जात नसत. पण वाड्यातील वैद्यबुवा नाडी पाहावयास येत तेव्हा आम्ही मुले दाराआड उभी असू. एके दिवशी वैद्यबुवांनी एक संस्कृत श्लोक म्हटला आणि मग आवाज खाली आणून सांगितले, "माई, औषध म्हणून कांद्याची भाजी ताकाबरोबर काही दिवस घेऊन पाहा. ग्रंथात आहे."

आत्याआजी क्षणभर गप्प राहिल्या. नंतर शांतपणे म्हणाल्या, "वैद्यबुवा, तुमची पोथी ज्यांनी लिहिली, त्यांनीच ती दुसरीही लिहिली ना? मग एकीचं ऐकायचं आणि दुसरीचं नाही, हे मी बाईमाणसानं कसं ठरवायचं?"

वैद्यबुवा उत्तर न देता उठले. आत्याआजींनी कांदा खाल्ला नाही. त्या खाल्ल्या असत्या तर बऱ्या झाल्या असत्या, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे एम.ए.ला असताना चरकसंहिता हाती आली, तेव्हा चिकित्सास्थानातील अर्शचिकित्सेच्या अध्यायात रक्तस्राव अधिक होत असता पलांडू द्यावा, असा निर्देश खरोखरच सापडला. वैद्यबुवांची पोथी खरी होती. आणि आत्याआजींना भिवविणारी ती दुसरी पोथीही खरीच होती.

२. नावांचा प्रवास

कांद्याचे मूळ बहुधा मध्य आशियातील. तेथून तो पूर्वेला आणि पश्चिमेला फार प्राचीन काळी गेला. इजिप्तमध्ये त्याला केवळ अन्नाचे नव्हे, तर पारलौकिक विधीतही स्थान होते. चौथ्या रामसेसच्या ममीच्या नेत्रखाचांत कांदे ठेवलेले आढळले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पिरॅमिड पाहावयास गेला असता, मजुरांना मुळे, कांदे आणि लसूण पुरविण्यासाठी सोळाशे टॅलंट चांदी खर्च झाल्याचा लेख त्याला दुभाष्याने वाचून दाखविला, असे त्याने नोंदविले आहे. दुभाष्याने लेख बरोबर वाचला की नाही, हा वादाचा भाग सोडून देऊ. दगड वाहणाऱ्याचे अन्न म्हणून कांद्याची ख्याती तेव्हाही होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आपल्याकडे त्याचे संस्कृत नाव पलांडू. मराठीतला 'कांदा' हा संस्कृत 'कन्द' या सामान्यनामावरून आला. जमिनीखाली वाढणारे कंद अनेक. पण मराठी माणसाने नुसते 'कंद' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे हा एकच उभा राहिला आणि जातीचे नाव व्यक्तीला मिळाले. हिंदीतील 'प्याज' मात्र फारसीतून आला. आपण इंदूरकर मराठी माणसे घरात कांदा मागतो आणि मंडईत प्याज. दोन इतिहास एकाच पिशवीतून घरी आणतो.

गुरुजींच्या शिकवणीप्रमाणे कोश उघडावा. अमरकोशात पलांडूला पर्याय दिला आहे 'सुकन्दक', म्हणजे चांगला कंद. त्याच कोशात लसणीला 'महौषध' असे भारदस्त नाव आहे. आता मध्ये हजारएक वर्षे जाऊ द्या आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाश उघडा. तेथे पलांडूची नावे येतात ती 'यवनेष्ट', 'दुर्गंध' आणि 'मुखदूषक'. म्हणजे यवनांना प्रिय असलेला, वाईट वासाचा आणि तोंड बिघडविणारा! कंद तोच, रस तोच, वासही तोच. हजार वर्षांत बदलले ते कांद्याकडे पाहणाऱ्याचे डोळे. गुणावरून दिलेले नाव मागे पडले आणि खाणाऱ्यावरून दिलेले नाव पुढे आले.

मौज अशी की, इतकी नावे ठेवूनही भावमिश्र पुढे कांद्याचे गुण प्रामाणिकपणे सांगतोच. तो लसणीसारख्याच गुणांचा, पण रसाने आणि विपाकाने गोड, उष्ण नव्हे, वात हरण करणारा, बल देणारा आणि पचावयास जड, असे त्याचे वर्णन आहे. नाव ठेवताना तो समाजाचा माणूस होता. गुण सांगताना तो वैद्य होता.

३. वैद्यांचा कांदा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसावा अध्याय अन्नपानाचा आहे. त्यात हिरव्या, ताज्या खावयाच्या पदार्थांचा एक वर्ग आहे आणि त्यात पलांडूची गणना आहे. तेथे त्याचे दोष सांगितले आहेत: तो कफ वाढवितो, पित्त शमवीत नाही, पचनाला जड आहे. मग गुण: तो वातनाशक, बल्य, वृष्य आणि रुची उत्पन्न करणारा आहे. या सगळ्यांत मला जो शब्द सर्वांत मोलाचा वाटतो तो 'आहारयोगी'. आहारात योजण्यास योग्य, असा त्याचा साधा अर्थ. चरकाने कांद्याला अमृत म्हटले नाही की विष म्हटले नाही. अन्नाला साथ देणारा म्हटले. या शब्दाकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

वाग्भटाच्या परंपरेतील अष्टांगसंग्रहात तर पलांडूची स्तुती काव्याच्या पातळीवर जाते. शक स्त्रियांच्या गालांवरची कांती चंद्राला लाजविणारी आहे आणि तिचे श्रेय कांद्याच्या सेवनाला आहे, अशा आशयाचे वर्णन तेथे येते. शक परदेशी, त्यांचे खाणे ग्रंथकाराने हेटाळले नाही, उलट त्यातून रसायन म्हणून काय घेण्यासारखे आहे ते पाहिले. वैद्याची दृष्टी अशी असते. रोग्याची जात विचारून औषधाचा गुण बदलत नाही, हे त्याला रोज दिसत असते.

४. स्मृतिकारांचा कांदा

आता दुसरी पोथी. आपस्तंब धर्मसूत्रात पलांडू वर्ज्य पदार्थांत आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गाजराच्या किंवा तत्सम कंदाच्या अर्थाने घेतला जाणारा गृंजन, पलांडू आणि छत्री यांना द्विजांनी खाऊ नये म्हणून सांगितले आहे आणि जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो, असाही निर्णय दिला आहे. याज्ञवल्क्य त्याच अपराधाला चांद्रायण प्रायश्चित्त सांगतो. महाभारताच्या कर्णपर्वात शल्याला हिणवताना कर्ण त्याच्या मद्रदेशीयांचा आणि वाहीकांचा कांदा-लसूण खाण्याचा उल्लेख शिवीसारखा करतो.

परदेशी प्रवाशांनीही हे पाहिले. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने लिहिले की, मध्यदेशात चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाही. सातव्या शतकात ह्युएनत्संगने नोंदविले की, जे हे पदार्थ खातात त्यांना नगराच्या तटाबाहेर घालवितात. हे दोघेही बौद्ध भिक्षू. त्यांच्या विनयातही भिक्षूंना लसूण निषिद्ध होती. मात्र आजारपणात औषध म्हणून ती घेण्याची मोकळीक होती. जैन परंपरेत कंदमुळांचा निषेध अहिंसेच्या तत्त्वातून आला. त्याची भूमिका वेगळी आहे आणि ती स्वतः स्वीकारलेल्या व्रताची आहे. माझा रोख त्या व्रताकडे नाही. स्वतःच्या इच्छेने सोडलेले अन्न आणि दुसऱ्याने ताटातून काढून घेतलेले अन्न यांत फरक करावाच लागतो.

अनेकांना वाटते की कांदा भगवद्गीतेने निषिद्ध ठरविला. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस आहाराची लक्षणे आहेत. कांद्याचे नाव तेथे कोठेही नाही. ते नाव पुढच्या लोकांनी आपल्या सवयीप्रमाणे त्या चौकटीत बसविले.

मग एकीकडे वैद्यक आणि दुसरीकडे धर्मशास्त्र असा पेच पडला, तेव्हा विद्वानांनी काय केले? याचे उत्तर एका विलक्षण हस्तलिखितात आहे. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवरचे एक जुने हस्तलिखित लागले. त्याच्या आरंभीच लशुनकल्प आहे. विष्णूने राहूचा शिरच्छेद केला तेव्हा सांडलेल्या रक्तातून लसूण उत्पन्न झाली, म्हणून ब्राह्मण ती खात नाहीत, अशी कथा त्यात आहे. पण लसणीचे गुण तर मोठे! तेव्हा ब्राह्मणासाठी तोड सांगितली आहे. गाईला तीन रात्री चाऱ्यावाचून ठेवावे, नंतर दोन भाग गवत आणि एक भाग लसणीची पात असा चारा द्यावा आणि मग तिचे दूध, दही, तूप किंवा ताक ब्राह्मणाने सेवन करावे. रोगही जातो आणि आचारही राहतो!

श्रोतेहो, हे वाचून मला प्रथम हसू आले. नंतर आत्याआजी आठवल्या. पंडिताला गाय मधे उभी करून औषध घेता आले. ज्यांच्या दारी अशी गाय नव्हती किंवा ज्यांना अशी तोड विचारण्याचीही मुभा नव्हती, त्यांचे काय? निषेधाला पळवाट होती. पण ती वाट सर्वांसाठी नव्हती. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची परवानगी दिली, परंतु तिच्या ताटात काय पडावे हे ठरविणारा कायदा घरातच होता आणि तो कोणी बदलला नाही.

५. मराठी घराची तडजोड

लोकव्यवहार मात्र शास्त्राइतका ताठर नसतो. मराठी घराने कांद्याशी एक गोड तडजोड केली. चातुर्मासात कांदा-वांगे वर्ज्य. पण तो लागण्यापूर्वी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी! त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका, भरीत, जेवढे म्हणून कांद्याचे पदार्थ घरात होऊ शकतात तेवढे करून घ्यावयाचे. आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत, रोडगा आणि कांद्याच्या पातीचा नैवेद्य दाखवून अनेक घरांत तो पुन्हा सुरू करावयाचा. स्मृतिकारांनी ज्याला तटाबाहेर घालविले, तो कांदा मल्हारीमार्तंडाच्या नैवेद्याच्या ताटात सन्मानाने बसला. कारण खंडोबा हा धनगराचा, शेतकऱ्याचा, शिपाईगड्याचा देव. भक्त जे खातो ते देव खातो.

याच मातीत तेराव्या शतकात, सोलापूर जिल्ह्यातील अरण गावी सावता माळी झाले. मळ्यातल्या भाजीपाल्यात, त्यातही कांद्यामुळ्यात, त्यांनी विठ्ठल पाहिला. ही केवळ भक्तीची उपमा नाही. ज्या कंदाला शास्त्राने अमेध्य म्हटले, त्यालाच देवाचे रूप म्हणणे हे धाडस होते, आणि ते एका माळ्यानेच करावे यात औचित्य होते. आमच्या टीकाकारांनी, मी धरून, या अभंगाची शब्दकळा पुष्कळ वाखाणली. त्यातला कांदा मात्र चिरून पाहिला नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी राजवटीच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. अन्नाचे वैद्यकीय गुणदोष आणि धर्मशास्त्राचे विधिनिषेध हे दोन्ही विचार त्यांनी एकाच ग्रंथात घेतले आहेत. दोन पोथ्या निदान एका बासनात आल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या माळव्याचाही यात वाटा आहे. येथून जवळच असलेल्या मांडूच्या दरबारात, घियासुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीच्या अखेरीस आणि त्याच्या मुलाच्या काळात, १५०० च्या आगेमागे 'निमतनामा' हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या पाकक्रियांत कांदा सहजपणे वावरतो आणि खाद्यांच्या जोडीला औषधी योगही येतात. शतकाच्या शेवटी अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त दोप्याजाचे प्रमाण दिले: दहा शेर मांसाला दोन शेर तूप आणि दोन शेर कांदा. भावप्रकाशातील 'यवनेष्ट' या नावाची पार्श्वभूमी ही आहे.

आणि या साऱ्या काळात राजवाड्यात काय शिजते आणि स्मृतीत काय लिहिले आहे याची दखल न घेता शेताच्या बांधावर माणूस भाकरीवर कांदा ठेवून, बुक्कीने फोडून, मिठाच्या खड्याबरोबर खात होता. आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाई दुपारी मागच्या पायरीवर बसून ज्वारीची भाकर आणि कांदा खात. मी एकदा त्यांच्या हातचा तुकडा घेतला म्हणून मला विहिरीवर नेऊन चूळ भरावयास लावली होती. 'नाकाने कांदे सोलणे' हा वाक्प्रचार मराठीत का निर्माण झाला असावा, हे मला त्या दिवशी कळले नाही, आज कळते.

६. प्रयोगशाळेतील कांदा

आता आधुनिक विज्ञान काय सांगते ते थोडक्यात पाहू. कांद्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे एकोणनव्वद ग्रॅम पाणी असते, ऊर्जा सुमारे चाळीस किलोकॅलरी आणि क जीवनसत्त्व सुमारे सात मिलिग्रॅम. हे आकडे डोळे दिपविणारे नाहीत. मग त्याचे महत्त्व कशात? तीन गोष्टींत.

पहिली, त्यातील फ्रुक्टन नावाची तंतुमय शर्करा. ती लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तेथील उपयुक्त जीवाणूंचे अन्न बनते. कांद्याला चरकाने 'गुरू' म्हटले ते पोटात वायू धरणाऱ्यांना चटकन पटेल. त्याचे एक कारण हेच आहे. दुसरी गोष्ट क्वेर्सेटिन हे द्रव्य. ते लाल आणि पिवळ्या कांद्यात अधिक, पांढऱ्यात कमी असते आणि बाहेरच्या पापुद्र्यांत अधिक असते. म्हणून सोलताना दोन-तीन जाड पदर फेकून देणारा हात बरेच काही फेकून देतो. कांदा उकळला तर ते पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी ओतून देऊ नये.

तिसरी गोष्ट गंधकाची संयुगे. अख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो. तो चिरला किंवा फोडला की पेशी फुटतात, त्यांतील वेगवेगळ्या कप्प्यांतली द्रव्ये आणि विकरे एकत्र येतात आणि क्षणात तिखट संयुगे तयार होतात. डोळ्यांत पाणी आणणारा वायू ज्या विकरामुळे तयार होतो, ते स्वतंत्र विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखले. कांदेनवमीला आमच्या घरी साऱ्यांसाठी कांदे चिरण्याचे काम आत्याआजीच करीत. मग स्नान करून आपल्या खोलीत जात. त्यांच्या डोळ्यांतले पाणी त्या वायूचेच होते, असे आम्ही मुले समजत असू.

या गंधकयुक्त द्रव्यांचा रक्त गोठण्याच्या क्रियेवर आणि रक्तातील स्निग्धांशावर परिणाम होतो काय, याचा शोध गेली साठेक वर्षे चालू आहे. त्यातला एक अभ्यास महाराष्ट्रातला आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने फारच बोलका आहे. १९७९ मध्ये पुण्याचे डॉ. जी. एस. सैनानी आणि त्यांचे सहकारी यांनी जैन समाजातील तीन गटांची तुलना प्रसिद्ध केली. एक गट आठवड्याला सुमारे सहाशे ग्रॅम कांदा आणि पन्नास ग्रॅम लसूण खाणारा, दुसरा सुमारे दोनशे ग्रॅम कांदा आणि दहा ग्रॅम लसूण खाणारा आणि तिसरा दोन्ही कधीच न खाणारा. रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी पहिल्या गटात १५९, दुसऱ्यात १७२ आणि तिसऱ्यात २०८ मिलिग्रॅम इतकी आढळली. एरवीचा आहार सारखा आणि कांद्याविषयीचा आचार मात्र वेगळा असे गट जगात इतरत्र मिळणे कठीण. निषेधानेच हा अभ्यास शक्य केला!

परंतु येथे सावधपणा हवा. अशा तुलनेत कांदा आणि लसूण एकत्र आहेत. कोणाचा वाटा किती, ते वेगळे काढता येत नाही. खाणाऱ्या-न खाणाऱ्यांच्या राहणीत इतरही भेद असू शकतात. नंतरच्या प्रयोगांतून काही अनुकूल संकेत मिळाले, पण परिणाम बेताचे आणि प्रयोग लहान होते. कांदा हा हृदयरोगावरचा किंवा मधुमेहावरचा उपचार आहे असे सिद्ध झालेले नाही. भाज्या, डाळी आणि धान्य यांच्या जोडीने रोज खाल्ला जाणारा, कमी मिठात आणि कमी तेलातही जेवणाला चव आणणारा हितकर पदार्थ, एवढे मात्र निःशंकपणे म्हणता येते.

७. नवा भाबडेपणा

एका टोकाला आत्याआजी होत्या. दुसरे टोक मी अलीकडे पाहिले. माझ्या परिचयाच्या एका सुशिक्षित गृहस्थांना फिरत्या ध्वनीवर संदेश आला की, सकाळी कांद्याचा रस घेतल्याने मधुमेह मुळापासून जातो. संदेशात 'आपल्या ऋषिमुनींनी सांगितलेले' असेही शब्द होते. त्यांनी गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी त्यांना अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले, पण एका पायाची दोन बोटे गेली.

आमच्या माळव्यात वैशाखात खिशात कांदा ठेवून बाहेर पडणारे आजही आहेत. खिशातल्या कांद्याने लू टळत नाही. टळते ती सावलीने, भरपूर पाण्याने आणि मीठसाखरेच्या किंवा कैरीच्या पन्ह्याने. घरात कापलेला कांदा ठेवला की तो रोगजंतू शोषून घेतो, हीही निराधार समजूत आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी कांद्याचा रस औषध म्हणून सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना पोटात वायू धरतो किंवा छातीत जळजळते त्यांनी कच्चा कांदा बेताने खावा. यात कांद्याची बदनामी नाही.

'ग्रंथात आहे म्हणून खाऊ नको' आणि 'ग्रंथात आहे म्हणून औषध सोड', ही दोन वाक्ये मला एकाच मनोवृत्तीची वाटतात. दोन्हींत ग्रंथ कोणी नीट उघडून पाहिलेला नाही. जो चरक रोग्याची प्रकृती, ऋतू, मात्रा, पचनशक्ती यांचा विचार केल्याशिवाय एक शब्द बोलत नाही, त्याच्या नावावर आज काहीही खपते.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. कांद्याच्या भावाने सरकारे डळमळतात हे आपण १९९८ मध्ये दिल्लीत पाहिले. भाव कोसळला म्हणजे काय होते, तेही आपण येथून दूर नसलेल्या मंदसौरला पाहिले. शेतमालाला भाव मिळावा म्हणून चाललेल्या आंदोलनात ६ जून २०१७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या वर्षी याच माळव्यात कांद्याचे भाव पडले होते. कांद्याच्या आरोग्यगुणांची चर्चा करताना तो पिकविणाऱ्याच्या आरोग्याचा विसर पडला, तर फाहियानच्या काळातील तट आपण पुन्हा एकदा बांधला, असे होईल.

८. समारोप

आत्याआजी १९६३ मध्ये गेल्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मला साठ वर्षे लागली. ते आज त्यांच्या अनुपस्थितीत देतो. होय, दोन्ही पोथ्या एकाच समाजाच्या विद्वानांनी लिहिल्या. एकीत पाहून, तपासून, रोग्याजवळ बसून जे कळले ते लिहिले. दुसरीत कोणी कोणापासून दूर बसावे ते लिहिले. पहिली चुकू शकते आणि नव्या परीक्षणाने दुरुस्त होऊ शकते. दुसरीला परीक्षणच नको असते. त्यांतली कोणती ऐकावयाची हे ठरविण्याचा अधिकार तुमचा होता, आत्याआजी. तो तुम्हांला कोणी सांगितला नाही, हा अपराध तुमचा नव्हे.

शाळा कशासाठी असते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, हा अधिकार सांगण्यासाठी. आमच्या गुरुजींनी शब्द तपासावयास शिकविले, त्याचा अर्थ मला उशिरा समजला. 'सुकंदक' आणि 'मुखदूषक' या दोन नावांमधून मी एवढेच शिकलो की, पदार्थाला ठेवलेले नाव बहुतेक वेळा खाणाऱ्याला ठेवलेले नाव असते.

चरकाचा तो शब्द पुन्हा आठवू या: आहारयोगी. कांदा पाप नाही आणि संजीवनीही नाही. तो अन्नाचा सोबती आहे. आज घरी जाल तेव्हा ताटात तो असेल तर आनंदाने खा. स्वतःच्या व्रताने सोडला असेल तर आनंदाने सोडा. मात्र शेजारच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नका.